पूर्ववत

मळ्यातल्या झरीपाशी नवा फलक लागलाय :
‘सोपी वाट. अडीच किलोमीटर. चढ नाही.
जुनी घरं, मग नदीकाठची बाग.’
गुडघा बदलल्याला आठवा आठवडा;
डॉक्टर लवंद्यांनी नेमकी हीच लिहून दिली,
सकाळी एकदा, नाश्त्यानंतर.

एकतीस वर्षं मी ही वाट
वीजखात्याची वही आणि विजेरी घेऊन चाललो.
सोपी आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

लोक घरं समोरून बघतात :
निळा रंग, पांढरी किनार, शिंपल्यांची तावदानं,
छपरावरचा मातीचा कोंबडा.
मी ती जिन्याखालून ओळखतो.
कुठे मीटरमागे पाल, कुठे फेणीचा गराफांव,
कुठे नाताळच्या नक्षत्राचा कामट्यांचा सांगाडा,
आणि कुलासोंच्या घरी पेटीवर उभा केलेला सांत आंतोन,
हरवलेलं शोधून देणारा.
त्याला बाजूला सारल्याशिवाय आकडे दिसत नसत.
दर महिन्याला मी त्याची माफी मागायचो, कोकणीतून.
म्हटलं, मराठी कळत असेल नसेल.

ओरेंच्या खाडीत ओहोटी.
चिखलात एक बगळा, हिशेब चुकल्यासारखा उभा.
सांतोमेच्या वळणावर गुडघा म्हणतो, थांब.
मी लोकांना दाखवतो की घर बघतोय.

बघण्यासारखंच आहे ते. पिवळं.
मालक लिस्बनला, दाराला कुलूप,
मीटर बाहेर, ओसरीच्या कोनाड्यात.
४४१७.
४४१७.
४४१७.
चार वर्षं. पगाराच्या आकड्यापेक्षा पाठ.
मग एका एप्रिलात : ४४२०.
कुलूप तेच, कुलपावरचं कोळ्याचं जाळंही तेच.

तीन युनिट म्हणजे किती?
चाळीसचा एक दिवा, पंचाहत्तर तास.
म्हणजे महिनाभर रोज रात्री अडीच तास.
कुणी परीक्षेचं वाचत होतं? कुणी आजारी होतं?
की नुसतंच बसलं होतं कुणी, एका खोलीत, उजेड करून?
नियमाप्रमाणे वर कळवायला हवं होतं.
मी रकान्यात लिहिलं, ‘पूर्ववत’.
नोकरीतली एकच लबाडी,
पण ती दर महिन्याला करावी लागली,
कारण मीटर ४४२० वरच थांबला
आणि मी निवृत्त होईस्तोवर ४४१७ लिहीत राहिलो.

आज त्याच दारापुढे छत्री उंच धरून
एक मुलगी पाहुण्यांना सांगतेय,
गळ्यातल्या पट्टीवर नाव, व्हेलिंडा :
‘हे घर कित्येक वर्षं रिकामं होतं.’
मी खाकरतो. नको तेवढ्या मोठ्यानं.
‘काका, तुम्ही ह्याच घरचे?’
‘नाही गो. मी मीटरवाला.’
सगळे हसतात. एकजण माझा फोटो काढतो,
दारासकट.

कांपालला पोचेपर्यंत ऊन चढतं.
इथली घरं अजून नदीकडे तोंड करून बसलीत,
मध्ये रस्ता आला, बाग आली,
तरी त्यांनी मान वळवलेली नाही.
शिरिषाखालच्या बाकावर मी पाय लांब करतो.
मांडवीत जुगाराच्या बोटी दिवे मालवून झोपल्यात;
रात्रभरात त्यांची किती युनिटं झाली असतील
हे मनातल्या मनात मांडतो, आणि सोडून देतो.
बेतीची फेरी निघाली. भरती लागलीय.
काठाच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा,
एकीखाली एक. वाकून बघतो. सवय.

फलकावर परतीचं काही लिहिलेलं नव्हतं.
पण मळ्याला जायचं तर पुन्हा पिवळ्या घरावरून.
कोनाड्यात आता नवा मीटर आहे,
लाल ठिपका लुकलुकतो, आकडे आपले आपण पाठवतो,
माणूस लागत नाही.
तरी जाता जाता बघेन.
आधी हा पाय खाली घेऊ दे.